प्रश्न सुटला म्हणजे नक्की काय झालं

माझ्या कॅटच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या, अभ्यासाच्या एक्सेल शीटमध्ये एक कॉलम आहे, त्याचं नाव "सोडायला हवा होता". बाकीचे कॉलम सगळ्यांच्याच शीटमध्ये असतात, मॉकची म्हणजे सराव पेपरची तारीख, सेक्शन, अटेम्प्ट किती, बरोबर किती, वेळ किती गेला वगैरे. हा एक कॉलम मात्र मी जुलै २०२४ मध्ये एका रात्री रागारागात टाकला, आणि पुढच्या चार महिन्यांत जो काय खरा अभ्यास झाला तो त्या एका कॉलममुळे झाला असं माझं ठाम मत आहे. परवा मावशीच्या पोराने "दीदी तुझं मटेरियल दे ना" म्हणून मागितलं तेव्हा शीट परत उघडली आणि वाचता वाचता मलाच हसू आलं, कारण पहिल्या दहा मॉकमध्ये त्या कॉलमखाली जवळजवळ प्रत्येक ओळीत "हो" लिहिलंय. म्हणून हे लिहितेय, त्याला फोनवर सांगून झालंय पण तो ऐकताना रील बघत होता हे मला कळलंय.

आधी आमच्या शाळेचं सांगते. निफाड तालुका, झेडपीची शाळा, मग हायस्कूलला सेमी इंग्लिश. तिथे सगळ्या सरांचं एकाच गोष्टीवर एकमत, पेपर कोरा ठेवायचा नाही. येत नसेल तरी सूत्र लिहा, पक्ष लिहा, साध्य लिहा, आकृती काढा, स्टेपचे मार्क कुठे जात नाहीत. दहावीला तेच, बारावीला तेच, इंजिनिअरिंगला तर काय, अख्खं एम थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, मी असंच काढलंय, पानं भरून. म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत प्रश्न सोडून येणं म्हणजे घरी सांगायची सोय नाही असली गोष्ट होती.

आणि कॅट ही परीक्षाच मुळात सोडण्याची आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. आयआयएमची प्रवेश परीक्षा, दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी रविवारी, एकाच दिवशी तीन स्लॉटमध्ये. १२० मिनिटं, तीन सेक्शन, प्रत्येकाला चाळीस मिनिटं, आधी इंग्लिश, मग डीआयएलआर म्हणजे ते तक्ते आणि कोडी, मग गणित. क्रम बदलता येत नाही, एक सेक्शन संपला की मागे जाता येत नाही. २०२० च्या आधी तीन तास असायचे, कोविडच्या वर्षी दोन केले ते दोनच राहिले. बरोबर उत्तराला ३, चुकीला उणे १, आणि जिथे ऑप्शनच नसतात, उत्तर स्वतः टाइप करायचं, तिथे चुकलं तरी मार्क कापत नाहीत. आता मजा अशी की गेल्या काही वर्षांत ९९ पर्सेंटाइल निम्म्याहून कमी मार्कांना पडलेत. निम्म्याहून कमी! आमच्या घरी हे समजावण्यात एक अख्खी दिवाळी गेली, की पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत, ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव तुझ्या मागे. पप्पांचं म्हणणं, "म्हणजे पेपर कुणालाच येत नाही, त्यातल्या त्यात कुणाला कमी येत नाही ते बघतात." यापेक्षा चांगली व्याख्या मला क्लासमध्ये पण कुणी सांगितली नाही.

पहिला अटेम्प्ट २६ नोव्हेंबर २०२३. तिसरा स्लॉट, साडेचार ते साडेसहा. अभ्यास म्हणजे क्लासच्या जाडजूड मॉड्यूलमधली गणितं एकापाठोपाठ एक सोडवत जाणं, मॉक एकूण सहा, त्यातल्या दोघांचं तर मी अ‍ॅनालिसिस पण उघडून बघितलं नव्हतं कारण स्कोअर बघूनच इच्छा मेली. हिंजवडीला जॉब, पीजीवर यायला आठ-साडेआठ, मग मॉड्यूल. मनात हिशोब असा की सगळे चॅप्टर संपले की सगळे प्रश्न येतील. त्या दिवशी डीआयएलआरला चार सेट होते, सेट म्हणजे एक कोडं आणि त्यावरचे प्रश्न, असे मिळून वीस प्रश्न. मी पहिला सेट उघडला तो सोळा मिनिटं उघडाच. निम्मा झाला होता ना, मग सोडवेना. ७८ पर्सेंटाइल आले पुढे.

पण त्या दिवशी परीक्षेचं दुःख करायला वेळच मिळाला नाही. बाहेर येऊन बॅगेतून फोन काढला तर मम्मीचे नऊ मिस्ड कॉल. मला वाटलं पेपर कसा गेला विचारायला. आमच्याकडे गारपीट झाली होती. निफाडमध्ये ज्यांच्या द्राक्षाच्या बागा आहेत त्यांना त्या दिवसाची तारीख सांगावी लागत नाही. पप्पांनी एक बारा सेकंदांचा व्हिडिओ टाकलेला, बोलणं काहीच नाही, नुसता पत्र्यावर आवाज आणि खाली पांढरं. मी सेंटरबाहेर वडापावच्या गाडीपाशी उभी राहून तो चार वेळा बघितला आणि मग कसा गेला पेपर, कितवा सेट केलास, हे विचारणाऱ्या पोरांकडे बघून वाटलं हे काय चाललंय.

पुढच्या वर्षी परत द्यायची हे मार्चमध्ये ठरवलं. यावेळी पीजीत अभ्यास नाही, सदाशिव पेठेत अभ्यासिका लावली. हिंजवडीहून उलट्या दिशेला यायचं म्हणजे वेडेपणा आहे, पण आठवड्यातून तीन दिवस घरून काम होतं म्हणून जमलं. अभ्यासिका म्हणजे सगळी एमपीएससीची जनता. पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलवरच्या ताईंनी विचारलं, "राज्यसेवा की कंबाइन?" मी म्हटलं कॅट. त्या म्हणाल्या, "बरं, कुठल्या खात्याची?" लातूरकडच्या, राज्यसेवेचा तिसरा अटेम्प्ट, पंख्याखालची जागा मिळावी म्हणून सकाळी सहाला यायच्या. आमची ओळख चहावर वाढली आणि खरं सांगायचं तर माझ्या कॅटच्या गुरू त्याच, ज्या क्लासला मी भरमसाठ फी भरली तो नाही.

तर ती जुलैतली रात्र. रविवारचा मॉक होता. डीआयएलआर उघडला, पहिलाच सेट ओळखीचा वाटला, सहा मजल्यांची बिल्डिंग, सहा कुटुंबं, प्रत्येकाकडे किती गाड्या, कोण कोणाच्या वर राहतं. मी तक्ता मांडला. सात मिनिटांत चार खोकी भरली. मग अडकलं. दोन शक्यता काढल्या, दोन्ही शेवटी जाऊन फाटल्या. बारा मिनिटं. परत पहिल्यापासून. अठरा मिनिटं. आता डोकं म्हणतंय सोड, आणि दुसरं डोकं म्हणतंय अगं आता अठरा मिनिटं घातलीस, आता सोडलंस तर ती फुकट गेली की. सत्ताविसाव्या मिनिटाला सेट सुटला. कशामुळे अडला होता माहितीय? "अ‍ॅट मोस्ट टू" असं लिहिलं होतं आणि मी कमीत कमी दोन असं वाचलं होतं. चार प्रश्नांतले तीन बरोबर आले, उरलेल्या तेरा मिनिटांत अजून एक सेट धरला तो अर्धवट. सेक्शनला ४१ पर्सेंटाइल. नंतर अ‍ॅनालिसिस बघितलं तर शेवटचा सेट, जो मी उघडलाच नव्हता, तो साधी बेरीज वजाबाकी होती, एका तक्त्यात रिकाम्या जागा भरायच्या. मी तो अभ्यासिकेतच घड्याळ लावून सोडवला, साडेआठ मिनिटं लागली. रडायलाच आलं मला.

ताईंनी विचारलं काय झालं, मी दाखवलं. त्यांना गाड्या-मजल्यांशी काही घेणंदेणं नव्हतं. त्या म्हणाल्या, "तू पेपर वाचतच नाहीस, तू पेपरच्या अंगावर पडतेस." त्यांच्या पूर्व परीक्षेतही चुकीला त्या प्रश्नाच्या पाव मार्कांची कात्री आहे, त्यामुळे त्यांची फेऱ्यांची पद्धत ठरलेली. पहिल्या फेरीत बघताक्षणी येतंय तेवढंच. दुसऱ्या फेरीत दोन ऑप्शनवर येऊन थांबलेले. तिसरी फेरी देवाची, आणि देवाच्या फेरीला बहुतेक वेळा जायचंच नाही.

मग मी बसून साधा हिशोब केला जो खरं तर पहिल्या दिवशी करायला हवा होता, इंजिनिअर म्हणवून घेते. चार ऑप्शन, डोळे मिटून टिक केली तर चारातून एकदा +३ आणि तीनदा −१, म्हणजे हातात शून्य. ना नफा ना तोटा, फक्त वेळ गेला. एक ऑप्शन नक्की चूक आहे हे कळलं तर सरासरी पाव मार्काच्या जरा वर, एक तृतीयांश. दोन उडवता आले तर सरळ एक मार्क. म्हणजे तुक्का वाईट नाही, आंधळा तुक्का निरुपयोगी आहे. आणि खरा खर्च तो उणे एक नाहीच, खर्च आहे मिनिटांचा. ज्या प्रश्नाला सहा मिनिटं घातली तो बरोबर आला तरी तो महागच पडला, कारण तेवढ्यात दोन सोपे झाले असते. त्या रात्री तो कॉलम आला. नियम असा की उत्तर बरोबर आलं असलं तरी, जर तीन मिनिटांच्या वर वेळ गेला असेल तर तिथे "हो" लिहायचं. बरोबर आलेल्या उत्तरापुढे "सोडायला हवा होता" लिहिताना जे काय जिवावर येतं ना! शाळेतले सगळे सर डोळ्यासमोर उभे राहतात.

गणिताची गोष्ट जरा वेगळी, तिथे सोडायचं कारण कमी, उलट हात स्लो होता. क्लासमध्ये अपूर्णांकाचे टक्के पाठ करून घेतात, एक सप्तमांश म्हणजे १४.२८, एक अष्टमांश साडेबारा, एक अकरांश ९.०९ असं. मी दिवाळीत घरी ते घोकत बसले होते तर अण्णा, म्हणजे आजोबा, जुने फायनल पास, ओट्यावरून म्हणाले तुमच्यात पावकी-निमकी नाही का. आणि सुरूच झाले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, मला तोपर्यंत औट घटकेचा राजा माहीत होता पण औट म्हणजे साडेतीन हे माहीतच नव्हतं. मी गंमत म्हणून त्यांना मॉड्यूलमधलं एक घातलं, दुकानदाराने छापील किमतीवर २० टक्के सूट दिली तरी त्याला २० टक्के नफा झाला, तर छापील किंमत खरेदीच्या किती टक्के जास्त. मी एक्स मांडेपर्यंत अण्णा म्हणाले, "शंभराला आणलं ना, मग दीडशे लाव की." दीडशेचा पाचवा हिस्सा तीस, गेले तीस, राहिले एकशेवीस. त्यांनी ते उलटं केलंच नाही, दीडकी डोक्यात होती तिथून आकडा उचलला. मी नंतर टक्केवारीची निम्मी गणितं अशीच करायला लागले, शंभर धरायचे आणि अण्णांसारखं मोठ्याने बोलायचं. अभ्यासिकेत मोठ्याने बोलता येत नाही हा एक प्रॉब्लेम.

इंग्लिशचं काय सांगू. चोवीस प्रश्न, त्यातले सोळा चार उताऱ्यांवर. आणि उतारे कशावर, तर ऑक्टोपसला मन असतं का, आठवणी खऱ्या असतात का, नकाशे कोणी काढले. सेमी इंग्लिशच्या पोरींना ग्रामरची भीती वाटते असं लोकांना वाटतं, तसं नाही, ग्रामर आम्हाला इंग्लिश मीडियमवाल्यांपेक्षा जास्त येतं कारण घोकलेलं असतं. अडचण अशी की वाचताना प्रत्येक वाक्य कळतं आणि शेवटी अख्खा उतारा काय म्हणाला ते कळत नाही. सगळे सांगतात रोज एऑन वेबसाइटवरचे लेख वाच, इंग्लिश पेपर वाच. वाचले. फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने, प्रत्येक उतारा झाला की त्याचा सार एका ओळीत मराठीत लिहायचा. इंग्लिशमध्ये लिहिला की मी त्यांचेच शब्द उचलून फसवायचे स्वतःला. मराठीत फसवता येत नाही. माझ्या वहीत एका उताऱ्याखाली लिहिलंय, "नकाशावाला खोटं बोलतो पण त्याच्याशिवाय रस्ता सापडत नाही." एकाखाली नुसतं, "हा माणूस दोन पानं कुणावर तरी चिडलाय, कुणावर ते कळलं नाही." तो उतारा सोडायला हवा होता. पुढे पुढे मी चारातले तीनच करायचे, चौथ्याकडे बघायचं सुद्धा नाही.

त्याच दिवाळीत पप्पांबरोबर बागेत गेले होते. विरळणी चालू होती. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, वेलीला घड येतात भरपूर, पण आमच्याकडे एका वेलीवर तीसेक ठेवतात आणि बाकीचे चांगले वाढणारे घड चक्क काढून खाली टाकतात, नाहीतर कुठल्याच घडाला फुगवण येत नाही. मी पप्पांना म्हटलं, आमच्या परीक्षेत पण अर्धे प्रश्न सोडायचे असतात. ते कात्री थांबवून म्हणाले, "मग विरळणीच आहे म्हणायची." पुढे म्हणाले, पण नवीन मजूर असला की त्याचा हात होत नाही, चांगला घड तोडवत नाही त्याला, त्याच्या मागे उभं राहावं लागतं. मी घरी जाऊन कॉलमचं नाव विरळणी करणार होते. नाही केलं, जरा जास्तच कविता झाली असती.

दुसरा अटेम्प्ट २४ नोव्हेंबर २०२४, पहिला स्लॉट, साडेआठचा. आणि आदल्या दिवशी काय, तर २३ तारखेला विधानसभेचा निकाल! पीजीच्या गल्लीतून दुपारपासून मिरवणूक, गुलाल, डीजे, जेसीबीतून गुलाल उधळणं चाललेलं, रात्री अकरापर्यंत खिडकीच्या काचा थरथरत होत्या. कानात कापूस, त्यावर उशी, तरी छातीत ठोके जाणवत होते. सकाळी सहाला रिक्षा मिळेना, मिळाली त्याच्या सीटवर गुलाल, त्यामुळे सेंटरवर मी मागून गुलाबी होऊन पोचले. तपासणीवाल्या ताईंनी फक्त एकदा बघितलं आणि "आल्या का निवडून?" म्हणाल्या.

त्या वर्षी ६८ प्रश्न होते, २४, २२, २२. डीआयएलआरला पाच सेट. मी पहिली चार मिनिटं काहीही सोडवलं नाही. नुसते पाचही सेट वाचले, चाळीस मिनिटांतली चार मिनिटं पेन खाली ठेवून, शेजारच्या पोराचा कीबोर्ड खटखट वाजतोय आणि मी वाचतेय. मॉकमध्ये वीसेक वेळा केलं नसतं तर त्या दिवशी हिंमत झाली नसती. दोन सेट पूर्ण केले, तिसऱ्यातले दोन प्रश्न, बाकी जय हरी. एकूण पेपरात ३७ अटेम्प्ट.

बाहेर आल्यावर मम्मीचा फोन. किती सुटले? मी म्हटलं, एकतीस सुटले. मम्मी इतकी खूश झाली की मला कळेचना. "अगं एकतीस म्हणजे पोत्याने सुटले की!" तेव्हा ट्यूब पेटली की मी राहिलेले सांगतेय आणि ती जमलेले ऐकतेय. आपल्याकडे प्रश्न सुटला म्हणजे आला पण आणि गेला पण, दोन्हीला एकच शब्द. मी काही दुरुस्त केलं नाही. संध्याकाळपर्यंत वस्तीवर सगळ्यांना कळलं होतं की हिचे एकतीस प्रश्न सुटले, आणि ते खोटं पण नव्हतं.

डिसेंबरात निकाल, ९६. खूप भारी नाही, खूप वाईट नाही, इंजिनिअर असल्यावर तर ९६ ला लोक "पुढच्या वर्षी?" असंच विचारतात.

आता खरी फजिती. एप्रिल २०२५ ला आपली महाराष्ट्राची एमबीए सीईटी दिली. ती परीक्षा म्हणजे बरोबर उलटा जीव. २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला पंचेचाळीस सेकंद, पाच ऑप्शन, आणि निगेटिव्ह मार्किंग अजिबात नाही. म्हणजे इथे आमच्या शाळेतले सर बरोबर, एकही कोरा ठेवायचा नाही, येत नसेल तर डोळे मिटून गोळा मारायचा. त्यातले पंचवीस प्रश्न आकृत्यांचे, थेट चौथीच्या स्कॉलरशिपची बुद्धिमत्ता चाचणी, आरशातली प्रतिमा, पुढची आकृती कोणती, मला तर नॉस्टॅल्जियाच झाला. मी मस्त फेऱ्या मारत होते, हा नंतर, हा नंतर, आणि आठ महिने जो हात सोडायला शिकवला होता तो सोडतच सुटला. वेळ संपल्यावर स्क्रीनवर शेवटचा हिशोब आला, अनुत्तरित १९. एकोणीस! नुसतं सगळीकडे सी दाबलं असतं तरी सरासरीने तीन-चार मार्क फुकट होते. तिथे दोन-दोन मार्कांवर कॉलेज बदलतं, आणि जमनालाल बजाजला ओपनमधून जायचं तर ९९.९ च्या पुढेच बोलणी. मला ९८ आणि वर काहीतरी आले. ताईंना फोन केला तर त्या पाच मिनिटं नुसत्या हसत होत्या, मग म्हणाल्या, "मी कुठे म्हटलं होतं सगळीकडे सोड?" त्यांची मात्र त्या वर्षी पोस्ट निघाली.

आता पुण्यातच एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे, बरं चाललंय. मावशीच्या पोराला शीट पाठवली, तिचे सगळे कॉलम रिकामे करून, नावं तेवढी ठेवून. वर लिहून दिलं, कॅटचा मॉक आणि सीईटीचा मॉक एकाच आठवड्यात द्यायचा नाही, हात गोंधळतो. आणि पहिले तीन मॉक फक्त वाचायला दे.

काल रात्री त्याचा मेसेज आला, "दीदी पहिला मॉक दिला, ६८ पैकी ६८ अटेम्प्ट 😎". मी विचारलं स्कोअर किती. दहा मिनिटं झाली, नुसतं टायपिंग टायपिंग दिसतंय.